कर्नेलचा मागोवा : लिनक्सवरील ट्रेसिंग साधनाची उभारणी, वापर आणि अध्यापनातील उपयोग

सारांश

परिचालन प्रणाली हा विषय महाविद्यालयांत बहुधा आकृत्या व व्याख्या यांच्या आधारे शिकवला जातो. प्रोसेसची अदलाबदल, अग्रक्रम, स्मृतीचे व्यवस्थापन या गोष्टी विद्यार्थी पाठ करतात. प्रत्यक्ष घडताना पाहत नाहीत. लिनक्सच्या कर्नेलमध्येच अंतर्भूत असलेली 'एफट्रेस' ही यंत्रणा आणि तिच्यावर आधारलेले 'ट्रेस-सीएमडी' हे विनामूल्य साधन यांच्या साहाय्याने ही उणीव भरून काढता येते. प्रस्तुत लेखात या साधनाची पार्श्वभूमी, कार्यपद्धती, उभारणी, प्रयोगशाळेत करता येण्याजोगे दोन प्रयोग आणि घ्यावयाची दक्षता यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : लिनक्स, कर्नेल, ट्रेसिंग, एफट्रेस, ट्रेस-सीएमडी, परिचालन प्रणालीचे अध्यापन.

प्रस्तावना

मीरा रोड किंवा भाईंदर स्थानकावरून रोज प्रवास करणाऱ्या कोणालाही वेळापत्रक आणि प्रत्यक्ष गाडी यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. वेळापत्रक हे नियोजन असते. धीमी गाडी कोठे थांबवली गेली, जलद गाडी आधी कशी काढली गेली आणि उशीर नेमका कोणत्या स्थानकात सुरू झाला, हे मात्र फलाटावर उभे राहून नोंदी घेणाऱ्यालाच कळते. परिचालन प्रणालीच्या पाठ्यपुस्तकातील आकृती हे वेळापत्रक होय. कर्नेल ट्रेसिंग ही फलाटावरील नोंदवही होय.

मुंबई विद्यापीठाच्या संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान या पदवी अभ्यासक्रमांत परिचालन प्रणाली हा विषय आहे. 'प्रोसेसच्या अवस्था सांगा' या प्रश्नाला विद्यार्थी तत्परतेने उत्तर देतो. परंतु 'समोरच्या संगणकावर आत्ता कोणती प्रोसेस कोणत्या अवस्थेत आहे, हे कशावरून सांगशील?' असे विचारल्यास तो निरुत्तर होतो. हा दोष विद्यार्थ्याचा नाही. पदार्थविज्ञानात लंबक हाती दिला जातो, रसायनशास्त्रात परीक्षानळी दिली जाते. येथे मात्र निरीक्षणाचे उपकरणच त्याच्या हाती दिलेले नसते. ते उपकरण उपलब्ध आहे, त्यासाठी खर्च येत नाही आणि ते जुन्या संगणकावरही चालते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी : थांबवून पाहणे आणि चालू असताना पाहणे

कर्नेल हा परिचालन प्रणालीचा गाभा होय. प्रोसेसर, स्मृती, डिस्क व अन्य उपकरणे यांचे वाटप तो करतो. सामान्य प्रोग्रॅममधील चूक शोधताना डीबगर वापरून तो प्रोग्रॅम मध्येच थांबवता येतो. कर्नेल थांबवला तर मात्र संपूर्ण संगणकच थांबतो. त्यामुळे कर्नेलची तपासणी बाहेरून, दुसऱ्या संगणकावरून करण्याची पद्धत रूढ झाली. 'केजीडीबी' हा अशा प्रकारचा डीबगर होय. दोन संगणक सीरियल केबलने जोडून एकावरून दुसऱ्याचा कर्नेल टप्प्याटप्प्याने चालवणे, ही त्याची मूळ रीत.

या साधनाच्या जडणघडणीत महाराष्ट्राचा वाटा आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. लिनक्समधील केजीडीबीच्या मूळ फाइलच्या शिरोभागी स्वामित्वहक्काच्या ज्या नोंदी आहेत, त्यांत २००३-२००४ या कालावधीसाठी अमित काळे यांचे आणि २००४-२००६ साठी पुण्याच्या लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीचे नाव आढळते. पुढे २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी अधिकृत कर्नेलमध्ये समाविष्ट झाला.

चालू कर्नेलला न थांबवता त्याच्या आत डोकावण्याच्या दिशेने भारतातच आणखी एक महत्त्वाचे काम झाले. आयबीएमच्या भारतातील शाखेतील वंशी कृष्ण यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये 'केप्रोब्स'ची प्रारंभिक रचना केली. प्रसन्न पंचमुखी यांनी २००४ मध्ये तिच्यात सुधारणा केल्या. कर्नेलमधील एखाद्या सूचनेच्या जागी तात्पुरता विरामबिंदू बसवावा, तेथे पोहोचताच नोंद घ्यावी आणि मूळ सूचना पार पाडून काम पूर्ववत पुढे चालू ठेवावे, ही तिची कल्पना. २००४ मध्येच २.६.९ या आवृत्तीत केप्रोब्स कर्नेलमध्ये आले. त्यांच्या आधारे २००५ पासून 'सिस्टिमटॅप' हे साधन विकसित होऊ लागले.

ऑक्टोबर २००८ मध्ये २.६.२७ या आवृत्तीबरोबर स्टीव्हन रोस्टेड यांची 'एफट्रेस' ही यंत्रणा आली. ती कर्नेलचाच भाग असल्याने निराळी बसवावी लागत नाही. 'ट्रेस-सीएमडी' हे तिला सोयीने आज्ञा देणारे साधन होय. 'कर्नेलशार्क' त्याच नोंदी आलेखरूपाने दाखवते.

कार्यपद्धती

एफट्रेस दोन प्रकारे माहिती गोळा करते.

पहिला प्रकार फंक्शनच्या मागोव्याचा. कर्नेल संकलित होत असतानाच प्रत्येक फंक्शनच्या आरंभी एक छोटी हाक घातली जाते. संगणक सुरू होताना या सर्व हाकांच्या जागी 'काहीही करू नये' अशा अर्थाची सूचना लिहिली जाते. त्यामुळे मागोवा बंद असताना वेगावर जवळजवळ परिणाम होत नाही. मागोवा सुरू केला की निवडलेल्या फंक्शनपुरती ती हाक पुन्हा जिवंत केली जाते.

दुसरा प्रकार घटनांच्या मागोव्याचा. कर्नेलच्या कर्त्यांनी महत्त्वाच्या ठिकाणी आधीच नोंदबिंदू ठेवलेले आहेत. प्रोसेस बदलणे, डिस्ककडे मागणी जाणे, स्मृतीची चणचण भासणे इत्यादी घटना त्यांतून कळतात. अध्यापनासाठी हा प्रकार अधिक उपयुक्त आहे, कारण घटनांची नावे अभ्यासक्रमातील संकल्पनांशी थेट जुळतात.

या नोंदी प्रत्येक प्रोसेसरसाठी स्वतंत्र ठेवलेल्या वर्तुळाकार साठ्यात जातात. साठा भरल्यावर सर्वांत जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. 'ट्रेस-सीएमडी' हा साठा सतत उपसून फाइलमध्ये उतरवत राहते.

उभारणी

पुढील आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या लहान रोमन अक्षरांत लिहाव्यात.

१. उबुंटू, डेबियन किंवा लिनक्स मिंट असल्यास 'सुडो एपीटी इन्स्टॉल ट्रेस-सीएमडी कर्नेलशार्क' ही आज्ञा द्यावी. फेडोरावर 'एपीटी'च्या जागी 'डीएनएफ' लिहावे.

२. 'सुडो ट्रेस-सीएमडी लिस्ट -ई' ही आज्ञा दिल्यास उपलब्ध घटनांची यादी येते. ही यादी दिसणे हीच उभारणी यशस्वी झाल्याची खूण.

३. नोंद घेण्यासाठी 'सुडो ट्रेस-सीएमडी रेकॉर्ड -ई' असे लिहून पुढे घटनेचे नाव आणि ज्या आज्ञेच्या कालावधीपुरती नोंद हवी ती आज्ञा द्यावी. नोंदी 'ट्रेस.डॅट' या फाइलमध्ये साठतात.

४. 'ट्रेस-सीएमडी रिपोर्ट' या आज्ञेने त्या वाचता येतात.

विंडोज असलेल्या प्रयोगशाळेत व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी यंत्रात लिनक्स बसवूनही हे सर्व करता येते. मात्र तेथे केवळ त्या आभासी यंत्राच्या कर्नेलचा मागोवा मिळतो आणि कालमापनावर मूळ यंत्रणेचा प्रभाव पडतो, हे लक्षात ठेवावे. डॉकरसारख्या कंटेनरला स्वतःचा कर्नेल नसतो. म्हणून या प्रयोगांसाठी तो पर्याय योग्य नाही.

प्रयोग पहिला : अग्रक्रमाचा हिशेब

अखंड फिरत राहणारे दोन छोटे शेल प्रोग्रॅम एकाच टर्मिनलमधून सुरू करावेत. 'टास्कसेट' या आज्ञेने दोघांनाही शून्य क्रमांकाच्या कोअरवर बांधावे. त्यांपैकी एक नेहमीप्रमाणे आणि दुसरा 'नाइस'चे मूल्य ५ देऊन चालवावा. त्यानंतर 'स्केड_स्विच' या घटनेची 'स्लीप १०' या आज्ञेसह, म्हणजे दहा सेकंदांपुरती, नोंद घ्यावी.

अहवालाच्या प्रत्येक ओळीत प्रोसेसर सोडणाऱ्या प्रोसेसचे नाव, क्रमांक, अग्रक्रम व अवस्था आणि बाणानंतर तो घेणाऱ्या प्रोसेसचे नाव, क्रमांक व अग्रक्रम असतो. दोन्ही प्रोग्रॅमचे नाव सारखेच दिसत असल्याने ते क्रमांकावरून ओळखावेत. एकाचा अग्रक्रम १२० तर दुसऱ्याचा १२५ दिसेल. अवस्थेच्या जागी 'आर' असल्यास त्या प्रोसेसला काम करायचे होते, पण तिला बाजूला सारले गेले. 'एस' असल्यास ती स्वतःहून प्रतीक्षेत गेली. 'डी' असल्यास ती डिस्कसारख्या साधनाची वाट पाहत अडून आहे. पाठ्यपुस्तकातील अवस्था-आकृतीचे बाण येथे एकेका ओळीत वाचता येतात.

आता भाकीत करता येते. लिनक्समध्ये नाइस ० चे भारमूल्य १०२४ आणि नाइस ५ चे ३३५ आहे. म्हणजे पहिल्या प्रोग्रॅमला सुमारे ७५ टक्के व दुसऱ्याला सुमारे २५ टक्के वेळ मिळाला पाहिजे. विद्यार्थ्यांनी नोंदींतील कालखुणांची वजाबाकी व बेरीज करून हे प्रमाण पडताळून पाहावे. दोन्ही प्रोग्रॅम वेगवेगळ्या टर्मिनलमधून सुरू केल्यास हे प्रमाण बिघडू शकते, कारण अनेक वितरणांत कर्नेल प्रत्येक सत्राचा स्वतंत्र गट करून आधी गटांमध्ये वेळ वाटतो. हा बिघाडही मुद्दाम करून दाखवण्यासारखा आहे. 'असे का झाले?' हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात तेथे आपोआप उभा राहतो.

पाठ्यपुस्तकातील राउंड रॉबिन पद्धत आणि प्रत्यक्षातील वाटप यांतील अंतरही यातून स्पष्ट होते. लिनक्समध्ये २००७ पासून 'सीएफएस' ही पद्धत होती. २०२३ मध्ये ६.६ या आवृत्तीपासून तिची जागा 'ईईव्हीडीएफ' या पद्धतीने घेतली. पुस्तक बदलण्यास वर्षे लागतात. नोंदी मात्र त्या यंत्रावर आज चालू असलेलीच पद्धत दाखवतात.

प्रयोग दुसरा : एकदा वाचलेली फाइल

संगणक सुरू केल्यानंतर एकदाही न उघडलेली, काही शे मेगाबाइटची फाइल निवडावी. 'ब्लॉक_आरक्यू_इश्यू' या घटनेची नोंद घेत 'कॅट' आज्ञेने ती वाचावी आणि वाचलेला मजकूर 'डेव्ह/नल'कडे वळवावा. पहिल्या वेळी डिस्ककडे गेलेल्या मागण्यांच्या ओळीच्या ओळी दिसतील. लगेच तीच आज्ञा पुन्हा दिल्यास, स्मृती पुरेशी असेल तर, त्या फाइलसाठी अशा मागण्या जवळजवळ नाहीशा होतात. कारण फाइल आता स्मृतीतून वाचली जात असते. साधन स्वतःही नोंदींची फाइल डिस्कवर लिहीत असल्यामुळे वाचन दर्शवणाऱ्या, 'आर' या अक्षराने सुरू होणाऱ्या खुणेच्या नोंदीच मोजाव्यात.

निदानासाठी उपयोग

याच पद्धतीचा उपयोग प्रयोगशाळेच्या व्यवस्थापनातही होतो. 'संगणक मंद झाले आहेत, नवे घ्यावेत' असा प्रस्ताव अनेक विभागांतून येतो. मंदपणाचे कारण मात्र यंत्रागणिक भिन्न असू शकते. काम चालू असताना 'व्हीएमस्कॅन' गटातील घटनांची नोंद घ्यावी. प्रोसेसना स्वतःच स्मृती मोकळी करण्यासाठी थांबावे लागल्याच्या नोंदी वारंवार येत असतील, तर स्मृती अपुरी आहे. तशा नोंदी नसतील, पण डिस्ककडे मागणी जाणे व ती पूर्ण होणे यांत दीर्घ अंतर पडत असेल, तर डिस्क बदलणे हा उपाय आहे. या दोन्ही गोष्टी नसून प्रोसेसर सदैव व्यग्र असेल, तर तो कोणत्या प्रोग्रॅमने व्यापला आहे हे 'स्केड_स्विच' सांगते. मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयाला संपूर्ण संगणक बदलणे आणि केवळ स्मृती वाढवणे यांतील फरक लहान नाही. खरेदी समितीपुढे अनुमानाऐवजी नोंद ठेवता येणे, हे या साधनाचे व्यावहारिक मोल होय.

दक्षता

पहिली दक्षता यंत्राबाबतची. २००८ मध्ये २.६.२७ आवृत्तीच्या चाचणीकाळात इंटेलच्या 'ई१०००ई' चालकाने चालणारी काही नेटवर्क कार्डे निकामी झाली. एफट्रेस चालू कर्नेलमधील सूचना बदलत असताना, आधीच मोकळ्या झालेल्या पत्त्यांवर लिहीत होती आणि तेच पत्ते कार्डाच्या कायमस्वरूपी स्मृतीला दिले गेले होते, हे त्याचे कारण निघाले. २.६.२७.१ मध्ये ती सोय तात्पुरती बंद करण्यात आली आणि पुढे तिची रचना सुधारली गेली. आजची एफट्रेस त्या टप्प्याच्या कितीतरी पुढे आली आहे. तथापि चालू कर्नेलमध्ये हस्तक्षेप करणारे साधन परीक्षेच्या वा कार्यालयीन कामाच्या संगणकावर प्रथम वापरू नये, हा धडा कायम आहे.

दुसरी दक्षता भाराची. सर्व फंक्शनचा मागोवा एकाच वेळी सुरू केल्यास संगणक लक्षणीय मंदावतो. प्रथम प्रश्न ठरवावा, मग त्यापुरत्याच घटना निवडाव्यात.

तिसरी दक्षता खासगीपणाची. मागोव्यासाठी सर्वाधिकारी वापरकर्त्याची परवानगी लागते आणि कोणी कोणती फाइल उघडली हेही त्यातून कळू शकते. म्हणून विद्यार्थ्यांच्या नकळत त्यांच्या संगणकाचा मागोवा घेऊ नये. प्रयोगासाठी स्वतंत्र यंत्र वा आभासी यंत्र ठेवावे आणि नोंदी काम संपल्यावर पुसाव्यात.

समारोप

ट्रेसिंगच्या क्षेत्रात आता एफट्रेसपुढील साधनेही रुळली आहेत. 'बीपीएफट्रेस' हे त्यांपैकी एक. त्यात लिहिलेला छोटा प्रोग्रॅम कर्नेलमध्ये घेण्यापूर्वी त्याची सुरक्षितता कर्नेल स्वतः तपासतो. परंतु आरंभासाठी ट्रेस-सीएमडी अधिक सुलभ आहे. लिनक्सच्या प्राथमिक आज्ञा अपरिचित असल्यास आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील मराठी पाठ त्यासाठी उपयोगी पडतील.

परिचालन प्रणालीच्या प्रात्यक्षिकांत वरील दोन प्रयोगांचा समावेश करण्यास अभ्यासक्रम बदलण्याची प्रतीक्षा करावी लागत नाही. दोन तासिका आणि एक जुना संगणक पुरेसा आहे. ज्या विद्यार्थ्याने ७५ आणि २५ हे प्रमाण स्वतः वजाबाकी करून काढले, त्याला अग्रक्रमाची व्याख्या पाठ करावी लागणार नाही. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, यंत्र काय करते हे गृहीत न धरता यंत्रालाच विचारता येते, ही सवय त्याला लागेल. ती सवय पुढे कोणत्याही शाखेत त्याच्या उपयोगी पडेल.