खजिन्याची काटकसर आणि वेचणीचा दिवस

2025 च्या गणेशोत्सवात रेशनवरचा 'आनंदाचा शिधा' आला नाही, दिवाळीतही आला नाही. शालेय पोषण आहारातील अंडी आणि नाचणी सत्त्व यांचा निधी त्याच वर्षाच्या जानेवारीत थांबला, आणि ज्या शाळेला ते पुढेही द्यावयाचे असेल तिने लोकसहभागातून द्यावे, असे ठरले. 'लाडकी बहीण'ची तरतूद 46,000 कोटींवरून 36,000 कोटींवर आली. आणि डिसेंबरात संसदेने रोजगार हमीचा जुना कायदा बाजूस सारून नवा आणला, ज्यात अकुशल मजुरीचा जो खर्च आजवर सर्वस्वी केंद्राकडे होता त्यातील 40 टक्के वाटा राज्याच्या शिरावर आला. वाचकांनी या बातम्या निरनिराळ्या दिवशी आणि निरनिराळ्या पानांवर वाचल्या, म्हणून त्या निरनिराळ्या वाटल्या. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या शेतमजूर आईच्या दाराशी त्या एकत्रच येतात. कारण खजिन्याने काटकसर म्हणून जे काम सोडून दिले ते काम काही नाहीसे होत नाही. लेकराला खाऊ घालणे, त्याला सांभाळणे, त्याच्या तापात उशाशी बसणे हे सारे कोणाला तरी करावेच लागते, आणि ते ज्याच्या रोजीतून वजा होते त्याचे नाव कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नसते.

येथे प्रथमच सांगितले पाहिजे की, 'लाडकी बहीण'चे महिन्याला 1,500 रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होणे ही गोष्ट क्षुल्लक नाही. जिने आजवर नवऱ्याकडे किंवा सासऱ्याकडे हात पसरला, तिला किराण्याची उधारी आपल्या हाताने चुकवता यावी, यात एक प्रतिष्ठा आहे, आणि त्या प्रतिष्ठेला मोफतखोरी म्हणणाऱ्यांशी मी यत्किंचितही सहमत नाही. माझा आक्षेप निराळा आहे. ही रक्कम उभी करण्यासाठी मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335.70 कोटी रुपये वळविण्यात आले, तेव्हा सामाजिक न्याय विभागाचे मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. झरी-जामणीच्या एखाद्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, राहणाऱ्या कोलाम आदिवासी बाईच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, तिच्या एका हातावर ठेवलेले पैसे ज्या पेटीतून काढले ती पेटीही तिच्याच नावाने ठेवलेली होती.

'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीचे प्रकरण तर यवतमाळ जिल्ह्याने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. सप्टेंबर 2025 मध्ये हुकूम निघाला की, लाभार्थी स्त्रीने स्वतःच्या आधार क्रमांकाबरोबरच पतीच्या किंवा पित्याच्या आधाराचीही पडताळणी करावी. शेतकरी आत्महत्यांनी ज्याचे नाव देशभर झाले त्या जिल्ह्यात ज्या स्त्रीचा पती फास घेऊन किंवा कीटकनाशक पिऊन गेला आणि जिचा पिताही हयात नाही, तिने मोबाइलवर येणारा आकडा कोणाच्या नावाने मागावा, हा प्रश्न हुकूम लिहिणाऱ्याच्या मनात आला नाही. नोव्हेंबरात मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली, आणि अशा स्त्रियांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी सवलत आली. त्याबद्दल शासनाला धन्यवादच द्यावयास हवेत. तथापि या विधवांना कागदांची ही पायपीट नवी नव्हे. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयानुसार आत्महत्येचे प्रकरण 'पात्र' ठरल्यास एक लाखाची मदत मिळते, पैकी 30,000 हाती आणि 70,000 ठेवीत. आणि ते पात्र ठरावे म्हणून सातबारा, कर्जाचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल हे सारे तिने दुःखाच्या पहिल्याच महिन्यात तहसिलीत पोहोचविलेले असते. त्याच शासनाला तिचा नवरा मेल्याचा पुरावा पुन्हा हवा झाला, आणि तोही ऐन वेचणीत.

वेचणीचा हंगाम म्हणजे काय, हे कापसाच्या मुलखाबाहेरच्या वाचकाला थोडे सांगावयास हवे. दसऱ्याच्या सुमारास वेचणीच्या मुहूर्ताचे सीतादही होते, आणि तेथून पुढे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पांढऱ्या झालेल्या वावरातून बाया कमरेला फडके बांधून ओळीने पुढे सरकत असतात. या कामाची मजुरी दिवसावर नसते, किलोवर असते. निंदणाला एक तास उशिरा आलेल्या बाईला मालक फार तर बोलतो. वेचणीला उशीर झाला तर बोलण्याचीही गरज नसते, संध्याकाळी तराजू बोलतो. सकाळचे दव उतरल्यापासून ऊन कलेपर्यंत जितके हात चालतील तितकी मिळकत, म्हणून वर्षातील थोडीफार शिल्लक पाडण्याची हीच एक संधी असते, आणि अंगावर पिणारे लेकरू असलेल्या बाईला तीच संधी निम्मी मिळते. तिने लेकराला धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत ठेवावे, तर साप-विंचवाची धास्ती आणि फवारलेल्या पिकाचा वास. घरी ठेवावे, तर कोणाजवळ? अंगणवाडी काही तासांची असते, वेचणी दिवसभराची असते. मधल्या तासांचे उत्तर बहुतेक घरांत एकच असते, आणि ते उत्तर म्हणजे नऊ-दहा वर्षांची थोरली मुलगी. शाळेच्या हजेरीपटावर ऑक्टोबरानंतर तिच्या नावापुढे जे शून्य मांडले जाते त्याचे कारण पालकांची अनास्था म्हणून नोंदविणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही.

हे दुखणे महाराष्ट्राला नवे नाही, आणि त्यावरचा इलाजही नवा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा त्यांचा पहिला अनुभव हा होता की, शहरातील माँटेसरी शाळेचे सारे साहित्य उत्तम असूनही ज्यांच्यासाठी शाळा काढली ती मुले शाळेत येत नाहीत. म्हणून त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शाळाच उचलून वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. पुढे 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झाल्यावर त्यांना आणखी खोलवरची गोष्ट दिसली: शाळेच्या वयाचे मूल येत नाही, कारण त्याच्या कडेवर दुसरे मूल आहे, किंवा त्याच्या पुढे गुरे आहेत. तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात जोडून त्यांनी विकासवाडी उभारली, जेणेकरून कडेवरचे भावंड पाळण्यात ठेवून थोरलीला पाटीवर बसता यावे. आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढून शिक्षकालाच कुरणात पाठविले. गरीब घरातील आईचे काम, धाकट्याची भूक आणि थोरलीची शाळा हा एकच प्रश्न असून त्याचे तीन खात्यांत तीन तुकडे करता येत नाहीत, हे या दोघींनी ओळखले होते. आपल्या शिक्षणविचारात याहून व्यावहारिक शहाणपण मला दुसरे दिसलेले नाही, आणि म्हणून त्याची आपण केलेली उपेक्षा मला अधिकच बोचते.

कारण 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली, तेव्हा देशाने विकासवाडीतील बालवाडी तेवढी घेतली; पाळणाघर निराळ्या, दुबळ्या योजनेकडे राहिले. केंद्राच्या राजीव गांधी पाळणाघर योजनेखाली एके काळी देशभर 20,000 हून अधिक पाळणाघरे चालत होती. जानेवारी 2017 पासून केंद्राचा 90 टक्क्यांचा वाटा 60 टक्क्यांवर आला, 30 टक्के राज्याने आणि 10 टक्के संस्थांनी घालावेत असे ठरले, आणि काही वर्षांत ही संख्या 7,000 च्याही खाली उतरली. पाळणाघरे बंद करण्याचा हुकूम कोणी काढला नव्हता. हिश्शाचा आकडा तेवढा बदलला होता. आता 'पाळणा' या नावाने 17,000 अंगणवाडी-सह-पाळणाघरांचे उद्दिष्ट आहे, आणि ते स्वागतार्हच आहे. मात्र साऱ्या भारतवर्षासाठी असलेला हा आकडा, पूर्वी होते त्याहूनही कमी आहे.

अंगणवाडीच्या आहाराचेही तेच झाले आहे. बालकामागे दिवसाला 8 रुपये, गरोदर व स्तनदा मातेमागे साडेनऊ आणि तीव्र कुपोषित बालकामागे 12 रुपये हे दर 2017 साली ठरले. डाळ, तेल, गॅस यांचे भाव मधल्या वर्षांत कोठे गेले हे कोणाही गृहिणीला विचारावे. भाव वाढत असताना दर जैसे थे ठेवणे ही माझ्या मते कपातीची सर्वांत निर्दय रीत आहे, कारण तिच्यावर विधिमंडळात चर्चा होत नाही, तिचा निषेध करण्यास तारीख सापडत नाही, आणि मधली तूट अंगणवाडी सेविका दुकानदाराकडे उधारी लिहून भरून काढते. त्या सेविकेचे केंद्राने ठरविलेले मानधन ऑक्टोबर 2018 मध्ये 4,500 रुपये झाले ते तसेच आहे. राज्याने आपल्या खर्चाने 2024 साली एकूण मानधन 13,000 वर नेले, हे नमूद केले पाहिजे. पण त्याआधी 4 डिसेंबर 2023 पासून 52 दिवस तिला संप करावा लागला. ते 52 दिवस वेचणीचे होते, आणि त्या संपाचा भार मुंबईतील मंत्रालयापेक्षा वावरातील तिच्याच शेजारणीवर पडला, म्हणून शेजारणीने तिला दोष द्यावा हे मला न्याय्य वाटत नाही.

केळापूर, मारेगाव, झरी, घाटंजी आणि राळेगाव या तालुक्यांतील अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस, गरम जेवण मिळते. योजना उत्तम आहे. परंतु जिला दुपारी वावरात राहणे भाग आहे ती अंगणवाडीत जेवावयास येणार कशी, हा प्रश्न तिला विश्रांती परवडावी म्हणून असलेल्या मातृत्व अनुदानाशी येऊन भिडतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर मातेला किमान 6,000 रुपयांचा हक्क दिला. 2017 च्या योजनेने तो 5,000 रुपयांवर आणि पहिल्या अपत्यावर आणून ठेवला, आणि 2022 पासून दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच 6,000 मिळू लागले. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, तर कायद्याने दिलेली विश्रांती योजनेने काढून घेतली, आणि बाळंतीण महिन्या-दीड महिन्यात पुन्हा वावरात उभी राहिली.

पैसा नाही, हे उत्तर येईल. या जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1972 चा दुष्काळ पडला, तेव्हाही पैसा नव्हता. वि. स. पागे यांनी सुचविलेली रोजगार हमी राज्यभर चालावी म्हणून महाराष्ट्राने 1975 साली व्यवसाय कर बसविला, आणि शहरातील नोकरदाराच्या पगारातून खेड्यातील मजुराची रोजी उभी केली. तो कर आजही पगारपत्रकातून कापला जातो. कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळण्यास एका बाईला मजुरी देऊन नेमावे, ही सोय रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात शब्दशः लिहिलेली होती. तीच सोय वेचणीच्या चार महिन्यांपुरती अंगणवाडीला जोडावी, तिची वेळ संध्याकाळच्या तराजूपर्यंत वाढवावी आणि वाढीव तासांचे मानधन सेविकेला व मदतनिसाला निराळे द्यावे, यासाठी नवा कायदाही लागणार नाही. आहाराचे दर महागाईच्या निर्देशांकाशी बांधून द्यावेत, आणि आदिवासी विकासाचा निधी दुसऱ्या शीर्षाखाली वळविण्यापूर्वी त्या निधीतून ज्यांना जेवण मिळते त्या गावांच्या ग्रामसभांना विचारावे. पुढचा अर्थसंकल्प मांडला जाईल. यवतमाळच्या आमदारांनी त्यातील महिला व बालविकासाच्या मागण्या वाचताना एकूण रकमेपाशी न थांबता एका लेकराच्या एका दिवसाच्या जेवणाचा दर किती धरला आहे, एवढे तरी सभागृहात विचारावे.