ट्रॅक्टरवरचा हवेचा पंप कसा निवडावा?

सभासद बंधूंनो,

खारघरसारख्या शहरात टायरची हवा कमी झाली तर पेट्रोल पंप हाकेच्या अंतरावर असतो. तिथला जीपवाला डोंगरातल्या कच्च्या वाटेला जायचे असेल तरच गाडीवर कॉम्प्रेसर बसवून घेतो. आपला ट्रॅक्टर मात्र गळीत हंगामात रोजच रानातून डांबरी रस्त्यावर आणि परत रानात असा फिरतो. रानात मागच्या चाकांची हवा थोडी कमी असली की टायर पसरतो, भार वाटला जातो. रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढताना हवा पुरेशी लागते, नाहीतर टायर तापून फुटतो. जवळ सोय नसली की माणूस रस्त्याचीच हवा ठेवून ओल्या रानात शिरतो. मग माती दबते, बुडखे चेपतात आणि खोडव्याला फूट कमी येते. खरे नुकसान तिथे आहे.

पंप घेताना ‘दीडशे पौंड दाब’ या आकड्याला भुलू नका. मागच्या टायरला इतका दाब लागतच नाही. मिनिटाला किती लिटर हवा देतो, ते विचारा. समजा टायरची पोकळी 200 लिटर आहे आणि हवा 12 पौंडांवरून 20 वर न्यायची आहे. वाढ झाली 8 पौंडांची. वातावरणाचा दाब सुमारे 14.7 पौंड, म्हणजे साधारण 110 लिटर हवा लागेल. मिनिटाला 30 लिटरचा पंप दोन्ही टायरना आठेक मिनिटे घेईल. दाब वाढेल तशी हवा कमी येते, म्हणून थोडा वेळ जास्तच धरा.

आणखी चार गोष्टी पाहा :

1. पंप न थांबता किती मिनिटे चालतो? काही पंप लवकर तापतात.

2. तार जाड हवी, ती फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडावी. भरताना इंजिन चालू ठेवा.

3. पंप धूळ, पाचट आणि सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर बसवा. फिल्टर वरचेवर झाडा.

4. टायरमध्ये पाणी भरलेले असेल तर वाल्व वरच्या बाजूला आणूनच हवा तपासा नि भरा.

ट्रॉलीच्या ब्रेकसाठी हवेची टाकी असल्यास आणि तिच्यातून हवा घेतल्यास, टाकीचा काटा पूर्ववत आल्याशिवाय ट्रॅक्टर हलवू नका.

किती पौंड हवी, हे अंदाजाने ठरवू नये. टायर कंपनीच्या तक्त्यात भार आणि वेग पाहून ठरवावे. भरलेल्या ट्रॉलीची हवा तर रानातही कमी करू नये. तरी सभासदांनी पंपाबरोबर एक चांगला मीटर जरूर घ्यावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी