दिवा बिघडला की दिव्याचा कारभारी?

मंडळी, गावाकडे मोटारीचा पुढचा दिवा गेला, तर ती नुसती गैरसोय नसते. अडलेल्या बाळंतिणीला रात्री तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे असते. वाटेत उसाच्या गाड्या असतात आणि त्यांच्या मागे दिवा असेलच असे नाही. अशा वेळी समोरचा उजेड म्हणजे आपला जीव आणि दुसऱ्याचाही.

आता दुसरी बाजू पाहा. अलीकडच्या गाडीचा दिवा लागेना, की "बॉक्स गेला, नवा टाका" असे चटकन सांगितले जाते. हा बॉक्स हजारो रुपयांचा. तो बदलला आणि तरीही दिवा लागेना, असे झाले तर? जखम मांडीला आणि मलम शेंडीला! म्हणून हा बॉक्स करतो काय, आणि दोष त्याचाच आहे हे ओळखायचे कसे, ते आज पाहू.

जुन्या जीपगाडीत बॅटरीचा प्रवाह बटणातूनच दिव्याकडे जाई. पुढे रिले आला. बटणातून थोडासा प्रवाह जायचा आणि मोठ्या प्रवाहाची वाट रिले उघडायचा. आजच्या पुष्कळ गाड्यांत बटण फक्त हुकूम देते. तो हुकूम एका पेटीकडे जातो. तिला 'कंट्रोल मोड्यूल' म्हणतात, मेकॅनिक तिला बॉक्स म्हणतात. ही पेटी स्वतः किंवा रिलेकडून दिवा लावते. पुष्कळ पेट्या प्रवाह किती जातो हेही मोजतात आणि तो वाजवीपेक्षा जास्त झाला की वाट बंद करतात. थोडक्यात, बटण हा मालक आणि पेटी हा कारभारी.

कारभाऱ्याला बोल लावण्याआधी सोप्या गोष्टी तपासा. एकच दिवा गेला असेल तर बहुधा दोष त्या बाजूचा असतो: बल्ब, त्याचा फ्यूज, होल्डर किंवा त्याची अर्थिंगची वायर. दोन्ही दिवे एकदम गेले, तर दोघांना सामाईक असलेला फ्यूज, रिले, बटण किंवा पेटी यांकडे वळा. गाडीत हॉर्नचा रिले त्याच नमुन्याचा असेल, तर दोहोंची अदलाबदल करून पाहा. खर्च काहीच नाही आणि उत्तर लगेच मिळते.

एवढ्याने भागले नाही, तर तीन प्रश्न विचारा. कारभाऱ्याला शिधा मिळतो का? हुकूम पोचतो का? आणि त्याने धाडलेला माल दिव्यापर्यंत जातो का?

शिधा म्हणजे बॅटरीचा प्रवाह आणि अर्थिंग. इथे एक फसगत होते, बरं का. निम्मा गाळ साचलेल्या नळाचे तोंड बोटाने दाबून धरा, पाण्याचा जोर चांगला वाटतो. बोट काढले की नुसती करंगळीएवढी धार! वायरचेही तसेच. वायर आतून कुजलेली असली, तरी मल्टिमीटर पुरे 12 व्होल्ट दाखवील, कारण मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही. म्हणून पेटीच्या कपलरमधल्या मुख्य वायरवर इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावून पाहा. तो लख्ख पेटला तरच शिधा खरा. हुकमाच्या बारीक वायरींना मात्र बल्ब लावू नका, आतले नाजूक भाग जळतील. तिथे मीटरच वापरा.

अर्थिंग पाहायचे तर दिव्याचे बटण चालू ठेवा. मीटरचे एक टोक दिव्याच्या अर्थिंगला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. दिव्यातून प्रवाह जात असताना मीटरने 0.2 व्होल्टच्या आत दाखवले तर ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले, तर गंज खरवडा आणि बोल्ट आवळा. साध्या हॅलोजन बल्बचा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. मिणमिणत्या दिव्याचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते.

हुकूम पोचतो का, ते बटण दाबून मीटरवर पाहा. काही गाड्यांत हा हुकूम संगणकी भाषेत जातो. तो साध्या मीटरला कळत नाही, तिथे स्कॅनर लागतो. शिधा आहे, हुकूम आहे, दिवा आणि त्याची वायर धड आहे, आणि तरीही पेटी माल सोडत नाही, तेव्हाच पेटी दोषी म्हणा.

दोषी ठरली तरी ती लगेच फेकू नका. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडा, मग पेटी काढा. गाडी तापल्यावर दिवा जातो आणि निवल्यावर येतो, किंवा पेटीवर टिचकी मारली की लागतो, असे असेल तर आतला एखादा डाग सुटलेला असण्याचा संभव मोठा. भिंगातून पाहिले, तर रिलेच्या किंवा कपलरच्या पायांभोवती बारीक गोल चीर दिसते. फ्लक्स लावून जाणत्या माणसाकडून तो डाग पुन्हा भरून घ्यावा. पाणी शिरून हिरवा-पांढरा थर आला असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसून पेटी पूर्ण वाळवावी. आतला भाग जळालाच असेल, तर त्याच क्रमांकाची पेटी घ्यावी. काही गाड्यांत ती संगणकाने जुळवून घ्यावी लागते.

मात्र ती का जळाली, हे आधी शोधा. 60/55 वॅटच्या जागी 100/90 वॅटचा बल्ब घातला, की प्रवाह दीडपटीहून अधिक होतो. होल्डर वितळतो, वायर तापते, आणि नवी पेटीही जुनीच्या वाटेने जाते. झेनॉन दिव्यांत मात्र हात घालू नका. तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा धडा वर्गात दाखवता येईल. दोन सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि मध्ये पेन्सिलीचे शिसे अशी जोडणी करा. बल्ब मंद जळेल. बल्ब काढून त्या जागी मीटर लावा, सुमारे 3 व्होल्ट दिसतील! "मीटर खोटे बोलतो का?" असे मुलांना विचारा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या. ज्याला ते सापडले, त्याला उद्या कोणी नाहक बॉक्स विकू शकणार नाही.