फोटॉन आले, पण लहरी गेल्या नाहीत

आइन्स्टाइनने 1905 मध्ये प्रकाशाचे पुंज मांडले आणि मॅक्सवेलच्या लहरी मोडीत निघाल्या, असे अनेक जण धरून चालतात. तसे असते तर आज अँटेनाचा आराखडा मॅक्सवेलच्या समीकरणांवरून कोणी केलाच नसता. 1927 मध्ये डिरॅकने विद्युतचुंबकीय क्षेत्रालाच पुंजयांत्रिकीचे नियम लावले. समीकरणांचा साचा तोच राहिला. एका वारंवारतेच्या क्षेत्राची ऊर्जा मात्र पायऱ्यापायऱ्यांनीच वाढते-घटते, असे निघाले. प्लांकचा स्थिरांक गुणिले वारंवारता, ही एक पायरी. तोच फोटॉन.

नागमोडी शेपटीच्या बाणाखाली ‘फोटॉन’ लिहिलेले चित्र तर घरोघरी पोचले आहे. पण नागमोड ही कुठल्या गोळीची वाट नव्हे. वरखाली होते ते विद्युत क्षेत्राचे मूल्य.

मग पुष्कळ फोटॉन एकत्र केले की लहर होते का? इथे भलेभले फसतात. फोटॉनांची संख्या नेमकी ठरलेली असेल, मग ती एक असो वा एक कोटी, तर विद्युत क्षेत्राची सरासरी शून्यच येते. ठसठशीत लहर हवी असेल तर संख्या अनिश्चित ठेवावी लागते. रॉय ग्लाउबर यांनी 1963 मध्ये हे गणित नीट मांडले आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. एक मिलिवॅटच्या लाल लेझरमधून सेकंदाला सुमारे 3 गुणिले 10 चा 15वा घात इतके फोटॉन निघतात. त्यातला चढउतार पाच कोटींत एक एवढाच. आपल्याला लहर गुळगुळीत दिसते ती यामुळे.

रेडिओलहरींनाही फोटॉन असतात. 100 मेगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा दृश्य प्रकाशातल्या फोटॉनच्या सुमारे पन्नास लाखाव्या भागाइतकी असते, म्हणून ते सुटे जाणवत नाहीत.

प्रकाश पडताच धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात, हा प्रकाशविद्युत परिणाम फोटॉनचा निर्णायक पुरावा, असे शाळेत शिकवतात. मात्र अणू पुंजयांत्रिकीचे आणि प्रकाश जुन्या लहरींचा, एवढ्यावरही तो बराचसा समजावता येतो. लॅम्ब आणि स्कली यांनी 1969 मध्ये ते दाखवले. पक्का पुरावा पुढे मिळाला. 1986 मध्ये ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी एकेकटा फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर सोडला. दोन्ही बाजूंचे शोधक एकाच वेळी वाजण्याचे प्रमाण कोणत्याही लहरीला शक्य असलेल्या किमान मर्यादेच्या पुष्कळ खाली आले. साधा लेझर कितीही मंद केला, तरी तो या कसोटीला उतरत नाही.