वड्याचं तेल वांग्यावर

लेखमाला : खलनायकाची कैफियत – लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण 'ड्यून'मधल्या डॉक्टर युएपाशी थांबलो होतो. बायको हार्कोनेनांच्या कैदेत, म्हणून ज्याचं मीठ खाल्लं त्या ड्यूकलाच त्यानं शत्रूच्या हवाली केलं. त्याची कैफियत समजायला सोपी आहे, कारण सुरी त्या घटकेला मानेवर टेकलेली होती. आज अशांकडं वळू, ज्यांच्या मानेवर सुरी नाही, नुसता जुना वण आहे. वण दाखवून फितुरी माफ होते का?

आमच्या रोडपालीच्या सोसायटीत महिन्यातून एका शनिवारी सात-आठ जण गच्चीवर पुस्तकांवर बोलायला बसतो. लोखंड बाजाराकडं जाणारे ट्रेलर खाली हॉर्न वाजवत असतात आणि वारा फिरला की तळोज्याकडचा वास येतो. गेल्या बैठकीत विषय होता लिउ त्सिशिन या चिनी लेखकाची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. पुस्तक सुचवलं होतं अकरावीतल्या एका मुलीनं. कादंबरीवरची मालिका पाहून तिचं समाधान झालं नव्हतं, म्हणून तिनं कादंबरी मिळवून वाचली होती.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ये वेन्जिए ही खगोलभौतिकीची विद्यार्थिनी. 1967 मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत, तिच्या प्राध्यापक वडिलांना भर सभेत चार शाळकरी मुली मारून टाकतात. तिची आईच त्यांच्याविरुद्ध साक्ष देते. पुढं जंगलतोडीच्या कामावर असताना एक पत्रकार तिला राचेल कार्सनचं 'सायलेंट स्प्रिंग' वाचायला देतो, स्वतःचं पत्र तिच्याकडून स्वच्छ अक्षरात लिहून घेतो आणि प्रकरण अंगाशी येताच ते तिच्यावर ढकलतो. अखेर तिची रवानगी एका गुप्त रेडिओ तळावर होते. तिथून 1971 मध्ये ती सूर्याचा ध्वनिवर्धकासारखा उपयोग करून अंतराळात हाक मारते. आठ वर्षांनी, 1979 मध्ये, उत्तर येतं. उत्तर देणारा तिकडचाच एक जीव आहे आणि त्याचं सांगणं स्पष्ट आहे : परत बोलू नका, बोललात तर तुमचा ठावठिकाणा कळेल आणि तुमचं जग जिंकलं जाईल. वेन्जिए ते वाचते आणि त्यांना 'या' म्हणते.

लोखंड बाजारात उभी हयात हिशेब लिहिलेले एक काका आमच्यात आहेत. विज्ञानकथा ते नाइलाजानं वाचतात. त्यांनी चष्मा काढला आणि निकाल दिला, "हे म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर."

मुलगी लगेच म्हणाली, "पण काका, वडा कधी सापडणारच नसेल तर?"

प्रश्न बिनतोड वाटला. पण कादंबरी या प्रश्नाला बगल देत नाही. क्रांतीचा ज्वर ओसरल्यावर वेन्जिए वडिलांच्या मारेकरणींना शोधून काढते. चौघींपैकी तिघी तिला भेटायला येतात; चौथी मेलेली असते. तिला फक्त पश्चात्तापाचा एक शब्द हवा असतो. तो मिळत नाही. उलट त्या तिघी स्वतःची करुण कहाणी सांगू लागतात : आम्हालाही खेड्यात हाकललं, एकीचा हात गेला, आमचं तरुणपण वाया गेलं, आता आम्हाला कोण विचारतं? म्हणजे वडेही सापडतात आणि प्रत्येक वड्याच्या हातात स्वतःची कैफियत असते. मला हा प्रसंग कादंबरीतल्या सगळ्या परग्रहवासीयांपेक्षा भीषण वाटतो. दुःखद भूतकाळ हा जर परवाना असेल, तर तो त्या तिघींनाही द्यावा लागेल. त्यांना दिला की वेन्जिएच्या तक्रारीतला दमच निघून जातो.

यावर मुलगी गप्प बसली नाही. तिचं म्हणणं, भूतकाळ हे कारण असतं आणि कारण म्हणजे सबब नव्हे, एवढा फरक तरी काकांनी करावा. हा फरक बरोबर आहे. पण आपल्या मनात तो टिकतो की पुसला जातो, हे बरंचसं लेखक गोष्ट कुठून सुरू करतो यावर ठरतं. 'थ्री-बॉडी'ची इंग्रजी आवृत्ती 2014 मध्ये आली. तिच्यात वडिलांच्या हत्येचा प्रसंग अगदी सुरुवातीला आहे. चिनी पुस्तकात तोच प्रसंग मध्यावर आहे. इंग्रजीत तो पुढं आणला गेला तो लेखकाच्या संमतीनं. परिणाम असा की, चिनी पुस्तकाचा वाचक आधी संकट पाहतो आणि मग त्यामागची बाई. इंग्रजीचा वाचक आधी पोरकी झालेली मुलगी पाहतो आणि पहिल्या प्रकरणातच तिचं वकीलपत्र घेऊन बसतो. आम्ही गच्चीवर सगळेच इंग्रजीचे वाचक. त्यामुळं काका सोडले तर सगळे वकील.

मराठी वाचकाला हे वकीलपत्र नवं नाही. 1967 मध्ये शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आलं आणि कर्ण स्वतःच्या तोंडानं बोलू लागला. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही आलं आणि त्यात कर्णाला अशी सवलत नव्हती. घराघरात जिंकलं कोण ते सांगायला नको. मात्र कर्णाच्या वकिलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फितुरीसाठी लागणारा सगळ्यात सबळ भूतकाळ कर्णाकडं होता. जन्माचं रहस्य कळलं होतं, सख्खे भाऊ समोर होते, कृष्ण आणि कुंती दोघंही येऊन गेले होते. आणि नेमकी फितुरीच त्यानं केली नाही. त्याचा अपराध द्यूतसभेतला आहे, आणि त्या अपराधापुढं त्याचा भूतकाळ तोकडा पडतो.

गोष्ट उलट्या टोकानं सांगितली तर काय होतं? त्याचा नमुना ज्यूल व्हर्नचा कॅप्टन निमो. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, तेव्हापासून आपल्याकडं निमोबद्दल आदरयुक्त भीती आहे. 1869-70 च्या कादंबरीत निमो आपल्या पाणबुडीनं एक युद्धनौका माणसांसकट बुडवतो आणि नंतर एका स्त्रीच्या व दोन मुलांच्या तसबिरीपुढं गुडघे टेकून रडतो. ती कोण, हे वाचकाला कळत नाही. व्हर्नला खरं तर तो रशियनांनी उद्ध्वस्त केलेला पोलिश उमराव दाखवायचा होता; प्रकाशक हेट्झेलला रशियातल्या खपाची काळजी, म्हणून ते राहिलं. भूतकाळ उघड झाला तो 1874-75 च्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये. निमो निघाला राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, 1857 च्या उठावातला सेनानी, ज्याचे आईवडील, बायको आणि मुलं इंग्रजांनी मारली. कृत्य आधी, भूतकाळ पाच वर्षांनी आणि वेगळ्याच पुस्तकात! बुडणारी माणसं आपण आधीच पाहिलेली असतात, म्हणून डक्करची कहाणी ऐकून गळा दाटला तरी ती माणसं काही वर येत नाहीत.

निमोनं घेतला तो सूड, फितुरी नव्हे. सूड शत्रूवर घेतात. फितुरी त्यांच्याशी होते ज्यांनी आपल्यावर भरवसा टाकला. व्हर्नच्या त्याच बेटावर खरा फितूर आहे तो आयर्टन. आदल्या एका कादंबरीत त्यानं आपल्याच माणसांना दगा दिला आणि शिक्षा म्हणून तो एका निर्जन बेटावर सोडला गेला. बारा वर्षांत माणूसपण विसरला. त्याच्याकडं सांगण्याजोगा करुण भूतकाळ नाही. तो कैफियतही मांडत नाही. जुना साथीदार चाच्यांचं जहाज घेऊन येतो तेव्हा आयर्टन रात्री एकटाच पोहत त्या जहाजावर जातो आणि ते उडवून द्यायचा प्रयत्न करतो. निमोला भूतकाळ मिळाला, आयर्टनला काम. मला आयर्टन जास्त आवडतो. निमोवर निकाल देताना व्हर्नचा वसाहती चष्मा मधे येतो, हेही सांगून टाकतो; 1857 हे त्याला शेवटी प्रगतीच्या वाटेतलं हट्टी झुडूप वाटतं.

बुंदेलखंड म्हटल्यावर आम्हा रायगडवाल्यांना आणखी एक माणूस आठवायला हवा. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून 1857 मध्ये उत्तरेकडं निघाले, आणि ज्या आगीत व्हर्ननं आपला कल्पित राजपुत्र जाळला त्याच आगीत हा खराखुरा भिक्षुक सापडला. 1858 मध्ये इंग्रज झाशीत शिरले तेव्हा ते आत होते. कत्तल पाहिली, लूट पाहिली, स्वतः लुटले गेले. परत आले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन. 'माझा प्रवास' 1907 मध्ये छापून आलं. तुलना पुरती रास्त नाही, हे मान्य. गोडसे भटजींची बायकामुलं मारली गेली नव्हती आणि त्यांच्याकडं पाणबुडीही नव्हती. पण एकाच आगीतून एक जण सुरुंग घेऊन बाहेर पडतो आणि एक कावड घेऊन, तेव्हा आगीनंच सगळं ठरवलं असं म्हणता येत नाही.

आणि आमच्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके? त्यांची गोष्ट आपण नेहमी आजारी आईपासून सुरू करतो. लष्करी हिशेब खात्यातल्या साहेबानं रजा नाकारली, पोचेपर्यंत आई गेली, म्हणून बंड. ऐकायला हृद्य आहे. पण असं सांगितल्यानं फडके लहान होतात, असं मला वाटतं. 1876-77 च्या दुष्काळात माणसं भुकेनं मरताना त्यांनी पाहिली होती, आणि स्वतःबद्दल लिहिताना त्यांनी लोकांच्या त्या हालांबद्दल लिहिलं. 1879 च्या बंडाला घरगुती जखमेचं कारण पुरत नाही. ज्याच्या कृत्याला स्वतःचं बळ आहे त्याला करुण भूतकाळाची कुबडी लागत नाही. ज्याला ती लागते, त्याचं कृत्य जरा निरखून पाहावं.

'थ्री-बॉडी'त वेन्जिएला एक साथीदार मिळतो, माइक इव्हान्स. तेलसम्राटाचा मुलगा. लहानपणी त्यानं तेलगळतीत माखलेले समुद्रपक्षी पाहिलेले असतात आणि ते तेल बापाच्या कंपनीचं असतं. मोठेपणी तो ठरवतो की, माणूस नावाची जातच नको. हे वाचताना रोडपालीच्या माणसाला ऑगस्ट 2017 आठवल्याशिवाय राहत नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री फिरताना दिसली होती, खरोखर निळी, आणि त्यांची छायाचित्रं जगभर गेली. कासाडी नदीत सोडलेल्या रंगाच्या पाण्याकडं बोट दाखवलं गेलं, प्रदूषण नियंत्रण मंडळानं एक कारखाना बंद करायला लावला. त्या वेळी आमच्या बैठकीतली ती मुलगी लहान होती. तिनं ती कुत्री पाहिली होती, असं तिनं त्या शनिवारी सांगितलं. इव्हान्स तिला समजतो. पण तिनं कुत्र्यांसाठी काय मागितलं? नदी साफ करा, एवढंच. पनवेलच्या तमाम जनतेचा नायनाट तिला सुचला नाही.

मग फितुरी नेहमीच वाईट म्हणावी का? इथं मी स्वतः अडखळतो. 'उत्तर देऊ नका' असं सांगणारा तो परग्रहावरचा श्रोता, ज्याला कादंबरीत नाव नाही, 1379 हा नुसता क्रमांक आहे, तोही फितूरच. त्याच्या लोकांचं जग मरणपंथाला लागलेलं, आणि त्यानं त्यांची एकमेव संधी परक्यांसाठी घालवायचा प्रयत्न केला. त्याचाही भूतकाळ एकाकी आणि कोरडा आहे. आपल्याला तो साधू वाटतो कारण वाचलो असतो आपण. रामाच्या बाजूनं पाहिलं तर बिभीषण धर्मात्मा. लंकेतल्या विधवेनं त्याला घरभेदी म्हटलं तर तिचं तोंड कसं धरणार? एवढाच फरक दाखवता येतो की, 1379 नं एकालाही समोर उभं करून त्याचा दोर कापला नाही.

वेन्जिएनं कापला. संदेशाचा पत्ता लागलेला अधिकारी आणि तिचा नवरा कड्यावर दोराला लटकून काम करत असताना तिनं दोर कापून टाकला. नवऱ्याचा दोष एवढाच की, त्या दिवशी तोही दोराला होता. तिच्या पोटात त्याचं मूल होतं. पुढं बाळंतपणात ती मरणाच्या दारात गेली तेव्हा खालच्या खेड्यातल्या लोकांनी तिला रक्त दिलं, बायकांनी तिला आणि पोरीला घरात ठेवून घेतलं, मुलं तिच्याकडं शिकायला येऊ लागली. तिच्यातलं काहीतरी वितळलं, असं लेखक सांगतो. तरीही 'या' म्हणून सांगितलेलं तिनं त्यांच्यापैकी कुणालाही सांगितलं नाही आणि पुढं इव्हान्सला सगळं सोपवलं. शत्रूचं आरमार पोचायला साडेचारशे वर्षं लागणार, म्हणजे किंमत मोजणार त्या खेड्यातल्या लेकरांचे वंशज.

माझा निकाल सांगतो. 1971 ची हाक तिला माफ. ती अंधारात मारलेली होती. 1979 चं उत्तर माफ नाही, पण कळतं. खेड्यातल्या त्या घरात जेवल्यानंतरची गप्प राहण्याची वर्षं ना माफ, ना कळत. काकांना हा निकाल मिळमिळीत वाटला आणि मुलीला कठोर.

बैठक मोडता मोडता काकांनी एक माहिती दिली, तीही इथं नोंदवतो. गोडसे भटजींचं वरसई बाळगंगा धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतं. धरण बांधायला घेतलंय ते सिडकोसाठी, नवी मुंबईला पाणी मिळावं म्हणून.

पुढचा लेखांक यंत्रांच्या फितुरीवर. जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला' कपाटात असेल, तर तोवर काढून वाचून ठेवा.