रायफलीच्या काडतुसांचे पुनर्भरण : दारूची आणि साच्यांची निवड

रायफलीतून झाडलेल्या काडतुसाची गोळी व दारू खर्ची पडते, पितळी पुंगळी मात्र शिल्लक राहते. ही पुंगळी पूर्ववत आकारात आणून, तीत नवे प्रायमर, नवी दारू व नवी गोळी बसविण्याच्या क्रियेस पुनर्भरण असे म्हणतात. अमेरिकेत व युरोपच्या काही देशांत लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा सराव करणारे अनेक जण ही क्रिया घरीच करतात. खर्च वाचविणे हा तिचा एक हेतू असला, तरी प्रमुख हेतू निराळा आहे. आपल्याच रायफलीस अनुरूप आणि एकासारखे एक असे काडतूस मिळावे, ही नेमबाजाची अपेक्षा असते. ती कितपत सफल होईल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : दारूची निवड आणि पुंगळीस आकार देणाऱ्या साच्याची, म्हणजे डायची, निवड.

एकसारखेपणाची किंमत

समजा, एक गोळी नळीतून सेकंदास ८०० मीटर वेगाने बाहेर पडते व दुसरी तिच्याहून एक टक्का कमी वेगाने. हवेचा विरोध क्षणभर बाजूस ठेवून हिशेब केला, तर १०० मीटरवर दुसरी गोळी पहिलीच्या खाली सुमारे दीड मिलिमीटर लागेल, ३०० मीटरवर सुमारे १.४ सेंटिमीटर आणि १००० मीटरवर सुमारे १५ सेंटिमीटर. हवेचा विरोध जमेस धरला म्हणजे हे अंतर आणखी वाढते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील ३०० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १० सेंटिमीटर असतो. ह्यावरून दोन अनुमाने निघतात. वेगातील फरकाचा उपद्रव ३०० मीटरपर्यंत बेताचाच असतो. त्यापुढे मात्र तो झपाट्याने वाढतो. तसेच, १०० मीटरवर गोळ्या एकाच भोकातून गेल्या एवढ्यावरून ते काडतूस दूरच्या पल्ल्यासही योग्य आहे असे मानता येत नाही. कारण वेगातील दोष त्या अंतरावर दृष्टीसच पडत नाही.

दारूचे ज्वलन

पॉल व्हियेय ह्या फ्रेंच रसायनज्ञाने १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून धूमरहित दारू सिद्ध केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीबरोबर ती सैन्यात आली. ही दारू बंद जागेत सुरुंगासारखी एकदम फुटत नाही. तिचा प्रत्येक दाणा पृष्ठभागापासून आत, थरामागून थर, जळत जातो. मात्र जळण्याचा वेग भोवतालच्या दाबावर अवलंबून असतो. दाब वाढला की ज्वलन वाढते आणि ज्वलन वाढले की दाब आणखी वाढतो. ह्या परस्परपोषक क्रियेमुळे दारूच्या वजनातील अल्प वाढदेखील कमाल दाबात त्याहून मोठ्या प्रमाणात उमटते. रायफलीच्या काडतुसात हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार पटींपर्यंत जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे अंदाजाने दारू भरण्यातील धोका स्पष्ट होतो.

दाण्यांचा आकार, त्यांतील भोके आणि त्यांवर दिलेले ज्वलनरोधक पुट ह्यांच्या योगे कारखानदार ज्वलनाची गती नियंत्रित करतात. ह्यावरून ‘शीघ्र’ व ‘मंद’ असे दारूचे स्थूल वर्ग पडतात. पुंगळी मोठी, गोळी जड आणि नळीचा व्यास लहान असेल, तर मंद दारू लागते; कारण गोळी पुढे सरकून मागची जागा वाढत असताना वायूचा पुरवठा टिकून राहिला पाहिजे. अशा ठिकाणी शीघ्र दारू घातली, तर गोळी नीट हलण्यापूर्वीच दाब शिगेस पोचतो. उलट लहान पुंगळीत अतिमंद दारू घातली, तर तिचा काही भाग न जळताच नळीबाहेर पडतो आणि वेग अनियमित होतो. दारूने पुंगळी जवळजवळ भरेल अशी निवड सामान्यतः हितकर ठरते. पुंगळी अर्धीमुर्धी भरलेली असेल, तर दारू कधी प्रायमरकडे तर कधी गोळीकडे सरकते आणि प्रत्येक वेळी ती निराळ्या रीतीने पेट घेते.

दाण्यांचे स्वरूपही विचारात घ्यावे लागते. गोल दाण्यांची दारू मापातून सुरळीत ओतली जाते, म्हणून जलद भरणाऱ्यास ती सोयीची वाटते. लांबट, नळकांड्यासारखे दाणे मापात अडकतात आणि कधी कापलेही जातात. त्यामुळे ती दारू तोलूनच घ्यावी लागते. असे असूनही अचूक नेमबाजीसाठी लांबट दाण्यांकडे अनेकांचा ओढा असतो, कारण त्यांतील काही प्रकार तापमानाच्या बदलास कमी दाद देतात. ऑस्ट्रेलियात तयार होणाऱ्या व हॉजडन ह्या अमेरिकन संस्थेने विकलेल्या काही दारूंची ख्याती ह्याच गुणामुळे झाली. थंडीत बसविलेले प्रमाण भर उन्हाळ्यात दाबाची मर्यादा ओलांडू शकते. तेव्हा हा गुण केवळ अचूकतेचा नसून सुरक्षिततेचाही आहे. नायट्रोग्लिसरिन मिसळलेल्या द्वि-आधारी दारूत ऊर्जा अधिक असते, परंतु तिची ज्वाला अधिक तप्त असल्याने नळीची झीज लवकर होते. सरावात गोळ्या शेकड्यांनी झाडावयाच्या असतात, म्हणून हा खर्चही हिशेबात धरणे भाग आहे.

नावांविषयी सावधगिरी आवश्यक आहे. ४८९५ ह्या अंकाची दारू दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या काडतुसांत वापरली जात होती. युद्धानंतर शिल्लक राहिलेला साठा विकत घेऊन ब्रूस हॉजडन ह्यांनी तो हौशी नेमबाजांना विकला व त्यातून एका मोठ्या व्यवसायाचा पाया घातला गेला. पुढे तोच अंक दोन निरनिराळ्या छापांच्या दारूंनी धारण केला. त्यांचे गुण जवळजवळचे असले, तरी एकीचे प्रमाण दुसरीस लागू पडत नाही. म्हणून प्रत्येक दारूचे प्रमाण तिच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातूनच घ्यावे, किमान प्रमाणापासून आरंभ करावा, आणि दारूचा नवा गट उघडल्यावर पुन्हा खालूनच वर जावे, असा दंडक आहे.

साच्याचे कार्य

गोळी सुटताना पुंगळी फुगून रायफलीच्या कोठ्यास घट्ट भिडते व दाब ओसरल्यावर किंचित आकसते. तिला पुन्हा वापरण्याजोगे करणे, पण गरजेपेक्षा अधिक न दाबणे, हे साच्याचे काम होय. साचे दोन प्रकारचे असतात. एक केवळ मान दाबतो. दुसरा मानेसह संपूर्ण अंग दाबतो. कोठ्याशी तंतोतंत जुळलेली पुंगळी तशीच राखावी, ह्या विचाराने केवळ मान दाबणारा साचा पूर्वी श्रेष्ठ मानला जाई. परंतु काही आवृत्त्यांनंतर पुंगळी कोठ्यात अडकू लागते व बोल्ट जोराने लावावा लागतो; अशा ओढाताणीत रायफलीची स्थिरताच ढळते. म्हणून आज बहुतेक जाणकार संपूर्ण अंग दाबणारा साचा पसंत करतात आणि तो अशा बेताने बसवितात की, पुंगळीचा खांदा फक्त ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर मागे सरावा.

ह्या बेताचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. खांदा फार मागे ढकलला, तर प्रत्येक वेळी पुंगळी तळाजवळ ताणली जाते. तेथे आतल्या बाजूस पातळ कडे पडते आणि अखेर तळ तुटून वेगळा होतो. अशा वेळी तप्त वायू मागच्या बाजूने बाहेर येण्याचा संभव असतो. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पुंगळीत हा दोष दडलेला असू शकतो. म्हणून साचा केवळ सूचनापत्रिकेप्रमाणे न लावता, झाडलेल्या व दाबलेल्या पुंगळीची मापे घेऊनच लावणे श्रेयस्कर.

मानेची पकड हा दुसरा मुद्दा. पकड एकसारखी नसेल, तर गोळी सुटण्यास लागणारे बल बदलते व त्याबरोबर आरंभीचा दाबही बदलतो. साध्या साच्यात मान आधी गरजेपेक्षा जास्त आवळली जाते आणि मग आतील गोटी ओढून रुंद केली जाते. ह्या ओढीत मान वाकडी होण्याची भीती असते. बदलता येणाऱ्या कड्यांचा साचा मान हवी तेवढीच आवळतो, त्यामुळे पितळेवर श्रमही कमी पडतात. तरीही वारंवार दाबल्याने पितळ कठीण होतेच. मान ठरावीक काळाने तापवून मऊ करण्याची पद्धत ह्यासाठीच रूढ आहे.

परीक्षेतील भ्रम

तीन किंवा पाच गोळ्या झाडून ‘ही दारू उत्तम’ असा निर्णय देणे ही ह्या क्षेत्रातील सर्वांत मोठी चूक होय. वेगांचे वितरण प्रसामान्य धरले, तर पाच गोळ्यांवरून काढलेल्या प्रमाण विचलनाच्या मागे खरे विचलन त्याच्या ०.६ पटीपासून जवळजवळ २.९ पटीपर्यंत कोठेही असू शकते (विश्वास-पातळी ९५ टक्के). तीस गोळ्यांनी ही मर्यादा ०.८ ते १.३४ पट इतकी आवळते. अर्थात दोन दारूंतील अल्प फरक पाच-पाच गोळ्यांनी ठरविता येत नाही. त्या प्रसंगी नेमबाज दैवयोगालाच गुण समजून बसतो.

दोषांची बेरीज वर्गांच्या रीतीने होते, हेही विसरता कामा नये. तोलण्यातील चुकीने १.५ आणि इतर सर्व कारणांनी ३ मीटर प्रतिसेकंद इतके विचलन येत असेल, तर एकूण विचलन सुमारे ३.३५ होते. महागडा तराजू आणून पहिली चूक समूळ काढली, तरी ३ शिल्लक राहतातच. खर्च करण्यापूर्वी मोठा दोष कोणता हे शोधणे म्हणूनच अगत्याचे.

भारतात काडतुसे तयार करण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो. शिवाय ज्या प्रकारात कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, त्या ५० मीटर रायफलीचे काडतूस कडेवर आघात होऊन पेटणारे असल्याने त्याचे पुनर्भरण व्यवहारात होत नाही. तेथील नेमबाज तयार काडतुसांच्या निरनिराळ्या गटांची परीक्षा करून आपल्या नळीस मानवणारा गट निवडतात. मार्ग वेगळा, परंतु तत्त्व एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, पुरेशा संख्येने परीक्षा घ्यावी आणि प्रत्येक निष्पत्ती टिपणवहीत नोंदवावी. असे केले तर दारू व साचा ह्यांची निवड ऐकीव मतांवर विसंबून न राहता मोजमापाच्या आधारावर करता येते.