बुडखे काढायचा धंदा: स्किड स्टीअरचं कोटेशन हातात घेण्याआधी



मागच्या महिन्यात दापोलीकडच्या एका मुलाने मला कोटेशनचा फोटो पाठवला. स्किड स्टीअर, सोबत हाय फ्लो स्टंप ग्राइंडर, बँकेचं कर्ज, आणि मार्जिन मनीसाठी आईचे दागिने गहाण. "सर, दोन दिवसांत सही करायची आहे. चालेल ना?" कोटेशन दोनदा वाचलं. मशीनचा हायड्रॉलिक फ्लो किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "अरे, सही थांबव. आधी सांग, तुझ्या गिऱ्हाइकाचे बुडखे कसले आहेत?"

धंद्याची कल्पना वाईट नव्हती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. झाड कापून नेणारे भेटतात, जमिनीतला बुडखा काढणारा भेटत नाही. त्यात जुन्या बागा बदलणं, प्लॉट साफ करणं, सोसायटीचं पार्किंग ही कामं आहेतच.

आता मशीन. स्किड स्टीअरची डावीकडची आणि उजवीकडची चाकं वेगवेगळी फिरतात, त्यामुळे गाडी जागच्या जागी वळते. अमेरिकेत मिनेसोटात केलर बंधूंनी १९५७ साली टर्कीच्या शेडमधली घाण काढायला असं यंत्र बनवलं, त्यातून पुढे बॉबकॅट आली. म्हणजे जन्मच अडचणीच्या जागेसाठी. आपल्याकडे लोक यालाही "छोटा जेसीबी" म्हणतात, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. गावात बॅकहो लोडर तासावर मिळतोच, आणि उघड्या रानातला बुडखा तो तुमच्यापेक्षा लवकर काढेल. तिथे त्याच्याशी भाव लावायला जाऊ नका. तुमची जागा कुठे? जिथे गडग्यामधली वाट सहा फुटांची आहे, बाजूला उभी झाडं आहेत, सोसायटीचं गेट अरुंद आहे. बॅकहो सात फुटांच्या वर रुंद असतो, मधल्या साइजचं स्किड स्टीअर पाच-सहा फुटांत बसतं. आणि प्रामाणिकपणे सांगतो, फक्त खोदायचंच काम असेल तर तीन टनांचा मिनी एक्स्कॅव्हेटर जास्त बरा. स्किड स्टीअर जिंकतं ते उचलून, वाहून, जागा सपाट करून देण्यात. फक्त पेव्हर ब्लॉकवर किंवा लॉनवर जागच्या जागी वळवू नका. नुकसानभरपाईत दिवसाची कमाई जाईल.

बुडखा बुडख्यात फरक असतो. नारळाला सोटमूळ नसतं, तंतुमुळांचा गड्डा असतो. तीन बाजूंनी मुळं तोडली की तो उलटतो. तोच नारळ ग्राइंडरला घातलात तर काथ्यासारखे धागे निघून चाकाला गुंडाळतात, आणि दर दहा मिनिटांनी मशीन बंद करून चाकूने कापत बसावं लागतं. आंबा, फणस, चिंच यांचं उलट. मुळं खोल, लाकूड घट्ट. तिथे ग्राइंडर कामाचा, पण जांभ्या दगडाच्या जमिनीत कार्बाइडचे दात पटापट तुटतात. ग्राइंडर साधारण अर्धा ते एक फूट खोलीपर्यंतच बुडखा खातो, खालची मुळं तशीच राहतात. पार्किंगला चालेल. घराचा पाया येणार असेल तर चालणार नाही, कारण मुळं कुजून जमीन बसते आणि वाळवी लागते. म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच: इथे पुढे काय करणार?

दुसरा प्रश्न झाड कापायच्या आधी विचारायचा. बुडखा उपटणार असाल तर तोडणाऱ्याला सांगा, तीन-चार फूट खोड उभं ठेव. तेच तुमचं पहारीसारखं टेकण, त्याला वरून ढकललं की मुळं सुटतात. ग्राइंडर लावणार असाल तर जमिनीलगत कापायला सांगा. हा एक फोन केला नाही तर अर्धा दिवस जातो.

वजनाचं गणित करू. मातीसकट गड्डा एक मीटर रुंदीचा, अर्ध्या चेंडूसारखा धरला तर तो पाव घनमीटरच्या थोडा वर, म्हणजे साधारण ४०० किलो. रुंदी दीड मीटर झाली की तोच १,३०० किलोच्या आसपास जातो. कॅटलॉगमध्ये 'रेटेड ऑपरेटिंग कपॅसिटी' बघा. चाकांच्या स्किड स्टीअरला हा आकडा गाडी पुढे उलटेल त्या वजनाच्या निम्मा असतो. ६०० किलोच्या मशीनने पहिला गड्डा उचला, दुसरा माती झटकून, दोन तुकडे करून. "होईल सर, ऑपरेटर उचलतो" असं कोणी म्हटलं तर मागची चाकं हवेत गेल्यावर तो कुठे बसलेला असतो, ते विचारा. आणि बकेटऐवजी ग्रॅपल लावलात तर त्याचं जास्तीचं वजन याच आकड्यातून वजा होतं.

आता फ्लो. माझं होज-फिटिंगचं दुकान आहे, त्यामुळे या चुका माझ्या काउंटरवर येतात. ग्राइंडरला मिळणारी ताकद म्हणजे तेलाचा फ्लो गुणिले दाब. लिटर प्रतिमिनिट गुणिले बार, भागिले ६००, उत्तर किलोवॅटमध्ये. ७० लिटर आणि २०० बार असेल तर २३ किलोवॅट, म्हणजे ३१ एचपी. १२० लिटर असेल तर ४० किलोवॅट, ५४ एचपीच्या जवळ. हाय फ्लोचा ग्राइंडर स्टँडर्ड फ्लोच्या गाडीला जोडला तर तो फिरतो, पण चाक लाकडाला टेकलं की गुदमरतो, आणि तेल तापतं. एक गिऱ्हाईक तर नव्या ग्राइंडरच्या मोटरचं सील फुटलं म्हणून आलं होतं. त्या मोटरला केस ड्रेनची तिसरी बारीक होज लागत होती आणि विकणाऱ्याने ती जोडूनच दिली नव्हती. वॉरंटीवर भांडण झालं ते वेगळंच. कोटेशनवर चार गोष्टी लिहून घ्या: फ्लो, दाब, केस ड्रेन आहे का, आणि कपलर कुठल्या मापाचा.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी स्टंप बकेट घ्या. अरुंद, लांब, पुढे दात असलेली. मुळं तोडते, गड्डा उलटवते, तेल मागत नाही, बिघडायला त्यात काही नाही. मग रूट ग्रॅपल. मग ऑगर, कारण जिथे बुडखा निघाला तिथे नवीन झाडाला खड्डा लागतोच. ग्राइंडर सगळ्यात शेवटी, आणि तोही शहराजवळ काम असेल तरच.

पैशाचं बघू. समजा हप्ता ४५,०००, ऑपरेटर २०,०००, विमा-मेंटेनन्स १०,०००. महिन्याला ७५,००० नक्की गेले. ५० तास काम मिळालं तर डिझेल सोडून तासाचा खर्च १,५००. १२० तास मिळालं तर ६२५. छान वाटतं ना? पण कोकणात पावसाचे चार महिने गाडी वाडीत जातच नाही. आठ महिने १२० तासांनी ९६० तास होतात आणि खर्च मात्र बारा महिन्यांचा, ९ लाख. तासाला ९४० च्या आसपास, वर डिझेल. म्हणून फक्त बुडख्यांवर हप्ता बसवू नका. राडारोडा, गोठ्याचं शेण, रेती-खडी हलवणं, ही कामं धरूनच हिशोब करा.

झाड तोडायच्या परवानगीची प्रत आधी मागा, विशेषतः शहरात, तिथे १९७५ चा झाडांचा कायदा लागू आहे. खाली पाण्याची लाइन, ठिबकची नळी, वीज केबल कुठून गेली ते मालकाकडून दाखवून घ्या, मोबाइलवर फोटो ठेवा. ग्राइंडर चालू असताना केबिनला पुढची पॉलिकार्बोनेट काच हवीच. उडालेला दगड ऑपरेटर बघत नाही.

त्या मुलाने विकणाऱ्याला चार प्रश्न पाठवले. उत्तर तीन दिवसांनी आलं: स्टँडर्ड फ्लो, ६६ लिटर, त्या मॉडेलला हाय फ्लो मिळतच नाही. ग्राइंडर कोटेशनमधून गेला. मशीनही त्याने अजून घेतलेलं नाही. चिपळूणहून भाड्याने आणलंय, पंधरा दिवसांसाठी, आणि रोज वहीत लिहितो. परवा फोटो पाठवला: "नारळ ११. फणस १, अर्धा दिवस." दागिने सध्या घरीच आहेत.